हौशी नजरेची तपासणी: ‘गॅलेक्सी झू’चा प्रकरण अभ्यास

२००७ च्या आसपास ऑक्सफर्ड विद्यापीठात केविन शाविन्स्की हे तरुण खगोलशास्त्रज्ञ एका कंटाळवाण्या कामाला जुंपलेले होते. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट इथल्या अडीच मीटर दुर्बिणीने ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’साठी टिपलेली दीर्घिकांची (गॅलेक्सींची) चित्रं एकेक करून पाहायची आणि ठरवायचं: ही सर्पिल की लंबवर्तुळाकार? एका आठवड्यात त्यांनी ५०,००० चित्रं हातावेगळी केली. सर्वेक्षणाच्या साठ्यात अशी जवळपास ९ लाख चित्रं होती.

हे काम संगणकाला का दिलं नाही? दीर्घिकेचं तेज, रंग, आकारमान सॉफ्टवेअर व्यवस्थित मोजायचं, पण तिचं रूप ओळखणं त्या काळी त्याला नीट जमत नव्हतं. म्हणून एक पळवाट रुळली होती. लंबवर्तुळाकार दीर्घिकांमधले तारे जुने असतात, त्यामुळे त्या बहुधा लालसर दिसतात. सर्पिल दीर्घिकांमध्ये नवे तारे जन्मत असतात, त्यामुळे त्या बहुधा निळसर. तेव्हा रंग मोजा आणि त्यावरून रूप ठरवा. अडचण अशी की शाविन्स्की यांना नेमक्या निळ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकाच शोधायच्या होत्या. रंगाची चाळणी लावली की त्या थेट सर्पिलांच्या ढिगात जाणार आणि पुन्हा कधी हाती लागणार नाहीत.

माझी या प्रकरणातली गोडी इथपासूनच सुरू होते, आणि त्याला माझा धंदा कारणीभूत आहे. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इन्स्पेक्शनला सुरुवात केली, मग पुरवठादारांची गुणवत्ता पाहिली, आणि आता बरीच वर्षं गुणवत्ता सुधारणेचा सल्लागार म्हणून कारखान्यांत आणि अधूनमधून रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत जातो. जे मोजायचं ते अवघड, म्हणून त्याच्या शेजारचं सोपं काहीतरी मोजायचं, हा रोग मी सगळीकडे पाहिला आहे. कामगाराला काम येतं का हे तपासण्याऐवजी प्रशिक्षणाच्या हजेरीपटावरच्या सह्या मोजतात. आकडा मिळतो, ऑडिट पार पडतं, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते तसंच राहतं. रंगावरून रूप ठरवणं हा त्याच जातीचा प्रकार. पुढे हौशी लोकांकडून दीर्घिकांची रूपं ओळखून घेणाऱ्या ‘गॅलेक्सी झू’ प्रकल्पातून लाल सर्पिल दीर्घिकाही मोठ्या संख्येने समोर आल्या आणि कॅरन मास्टर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा वेगळा अभ्यास केला. रंगावर विसंबून राहिलेल्यांच्या हिशेबात त्या लंबवर्तुळाकारच ठरल्या असत्या.

पुढे जाण्याआधी एक साधं गणित. आठवड्याला ५०,००० या वेगाने ९ लाख चित्रं अठरा आठवड्यांत संपतात. वेग टिकला नसता हे उघड आहे, तरी वर्षभरात एका चिवट माणसाने हे उरकलं असतं. म्हणजे अडचण फक्त मनुष्यबळाची नव्हती. एका माणसाने प्रत्येक चित्र एकदाच पाहिलं, तर त्यात चूक किती हे सांगायचा कोणताही मार्ग उरत नाही. तज्ज्ञ चुकत नाही असं गृहीत धरायचं, एवढंच हातात राहतं. कारखान्यात तीस वर्षं काम केलेल्या इन्स्पेक्टरबद्दल हेच गृहीत धरलेलं असतं. पण तोच तुकडा दुपारच्या जेवणानंतर न सांगता त्याच्यापुढे पुन्हा ठेवला, की निकाल बदलल्याचं पुष्कळदा दिसतं.

शाविन्स्की आणि त्यांचे सहकारी ख्रिस लिंटॉट यांनी ऑक्सफर्डमधल्या एका पबमध्ये बसून तोडगा काढला, असं ते दोघेही सांगत आले आहेत. चित्रं लोकांसमोर ठेवायची. आदल्याच वर्षी ‘स्टारडस्ट अ‍ॅट होम’ या प्रकल्पात हौशी लोकांनी अंतराळयानाने आणलेल्या एरोजेलमधले (अतिशय हलक्या, सच्छिद्र पदार्थातले) धूलिकण शोधायचं काम अंगावर घेतलं होतं. धूळ शोधायला माणसं येत असतील तर दीर्घिका पाहायला का येणार नाहीत, हा त्यांचा हिशेब. जुलै २००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’ सुरू झालं. बातमी पसरताच लोकांची एवढी झुंबड उडाली की चित्रं पुरवणारा सर्व्हर कोलमडला. तो सावरल्यावर पहिल्या चोवीस तासांतच तासाला सुमारे ७०,००० वर्गीकरणं येऊ लागली. वर्षभरात दीड लाखावर लोकांनी ५ कोटींहून जास्त वर्गीकरणं केली.

हे आकडे सगळीकडे सांगितले जातात. मला त्यांचं फारसं कौतुक नाही. पाच कोटी वाईट मोजमापं ही पाच हजार वाईट मोजमापांपेक्षा जास्त धोकादायक असतात, कारण त्यांच्या संख्येचा दबाव पडतो. आमच्या धंद्यातल्या कुणालाही हौशी लोकांकडून आलेली माहिती दाखवली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या माणसांना जाब कोण विचारणार? पगार नाही, नेमणूक नाही, प्रशिक्षण जेमतेम. प्रश्न रास्त आहे, फक्त चुकीच्या जागी विचारलेला आहे. जाब माणसाला विचारायचा नसतो, मोजमापाच्या पद्धतीला विचारायचा असतो. या प्रकल्पाची पद्धत त्या जाबाला उभी राहते का, तेवढंच मी पाहिलं.

पद्धत अशी होती. येणाऱ्याला आधी नमुना चित्रं दाखवून फरक समजावून सांगत आणि मग छोटीशी चाचणी घेत. ती पार केली की पडद्यावर एक चित्र आणि सहा बटणं: लंबवर्तुळाकार, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळणारी सर्पिल, उलट दिशेने वळणारी सर्पिल, कडेने दिसणारी किंवा दिशा न कळणारी सर्पिल, एकमेकींत मिसळणाऱ्या दीर्घिका, आणि शेवटचं ‘तारा किंवा सांगता येत नाही’. दुसऱ्यांनी काय उत्तर दिलं ते दिसत नसे. एकाने त्याच दीर्घिकेला पुन्हा दिलेली मतं हिशेबात धरत नसत. प्रत्येक दीर्घिकेवर सरासरी ३८ जणांची मतं जमा झाली.

दृश्य तपासणीचा ज्याला अनुभव आहे त्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. कास्टिंगवरचं (ओतीव भागावरचं) ब्लो होल, म्हणजे हवेने पडलेलं छिद्र, चालेल की नाही हे व्हर्नियरने ठरत नाही, डोळ्याने ठरतं. म्हणून आम्ही लिमिट सॅम्पल, म्हणजे कुठवर चालेल ते दाखवणारे नमुने, टांगून ठेवतो, आणि तपासणाऱ्यांची परीक्षा घेताना तेच तुकडे क्रम बदलून दोन-तीन वेळा त्यांच्यापुढे ठेवतो. तिघांचं आपसात किती जमतं, आणि प्रत्येकाचं स्वतःशी किती जमतं, हे त्यातून कळतं. कारखान्यात ही परीक्षा वर्षातून एकदा, ऑडिटच्या आधी होते आणि फाइल बंद होते. ‘गॅलेक्सी झू’मध्ये परीक्षा आणि उत्पादन एकच होतं. प्रत्येक तुकड्याची तपासणी ३८ वेळा, आणि प्रत्येक निकालासोबत मतभेद किती तेही नोंदलेलं.

माझ्या मते या प्रकल्पाने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच की मतभेद पुसून टाकला नाही. ८० टक्के किंवा अधिक मतं एका बाजूला पडली तर ती दीर्घिका ‘स्वच्छ’ यादीत, ९५ टक्के पडली तर त्याहून कडक यादीत. बाकीच्यांसाठी मतांचं प्रमाण जसंच्या तसं ठेवलं. पुढच्या अभ्यासकाने आपल्या गरजेप्रमाणे रेघ कुठे मारायची ते ठरवावं. आमच्याकडे पास किंवा रिजेक्ट एवढंच लिहितात, आणि दोन इन्स्पेक्टरांत वाद झाला की सुपरवायझर जो निर्णय देईल तो कागदावर येतो. तुकडा काठावरचा होता ही माहिती त्या सहीखाली कायमची गाडली जाते. खरं तर प्रक्रिया बिघडू लागल्याची पहिली खबर त्या काठावरच्या तुकड्यांतच असते.

तज्ज्ञांनी केलेल्या जुन्या वर्गीकरणाशी लोकांच्या मतांची तुलना केली तेव्हा ती ९० टक्क्यांहून अधिक जुळली. बरेच जण हा आकडा ऐकून समाधानी होतात. मी होत नाही. जुळणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. दोन गेज, म्हणजे मापायची साधनं, एकाच दिशेने चुकलेली असली तर त्यांची तुलना उत्तमच येते.

समजा, एकटा माणूस दहातल्या सात वेळा बरोबर ओळखतो. अशा ३८ माणसांनी एकमेकांकडे न पाहता मत दिलं, तर बहुमत बरोबर असण्याची शक्यता ९९ टक्क्यांवर जाते. फार स्वस्तात फार मोठा फायदा आहे हा. पण तो एका अटीवर: चुका विखुरलेल्या हव्यात. सगळ्यांचाच डोळा एका बाजूला झुकत असेल, तर मतं वाढवून चूक कमी होत नाही, उलट ती जास्त ठामपणे समोर येते. गर्दीचं शहाणपण म्हणून जे मिरवलं जातं त्यात ही अट सहसा सांगितली जात नाही.

ऑक्सफर्डच्या चमूला ही अट चांगलीच भोवली असती. चमूतल्या केट लँड यांना सर्पिल दीर्घिकांच्या वळणाच्या दिशेत रस होता. मिशिगन विद्यापीठातल्या मायकल लाँगो यांनी त्या सुमारास असा दावा केला होता की सर्पिल दीर्घिका दोन्ही दिशांना सारख्या संख्येने वळलेल्या दिसत नाहीत, एका दिशेचं पारडं जड आहे. खरं असतं तर ते विश्वरचनेच्या मुळाशी जाणारं ठरलं असतं. मोठ्या प्रमाणावर विश्वाला कोणतीही खास दिशा नाही, हे खगोलशास्त्राचं गृहीतकच त्यामुळे डळमळलं असतं. ‘गॅलेक्सी झू’ची मतं मोजली तेव्हा त्यांतही घड्याळाच्या उलट दिशेने वळणाऱ्या सर्पिल जास्त निघाल्या. लाखावर माणसं, कोट्यवधी मतं. छापून मोकळं व्हायचा मोह किती झाला असेल!

त्यांनी छापलं नाही. आधी त्याच साठ्यातली हजारो चित्रं आरशात पाहावी तशी उलटी करून लोकांपुढे ठेवली, काही कृष्णधवल करूनही ठेवली. तर्क सोपा आहे. पारडं आकाशात झुकलेलं असेल तर चित्र उलटल्यावर झुकावही उलटला पाहिजे. डोळ्यात झुकलेलं असेल तर चित्र उलटूनही झुकाव तोच राहील. तो तोच राहिला. उलट्या चित्रांतही लोकांना घड्याळाच्या उलट दिशेने वळणाऱ्याच सर्पिल जास्त दिसल्या. विश्वाला दिशा नव्हती, पाहणाऱ्यांना होती.

तपासणीची इतकी देखणी तपासणी मी कारखान्यात क्वचितच पाहिली आहे. खर्च जवळपास शून्य, निकाल निर्विवाद. तरीही माझा एक आक्षेप नोंदवतो. चित्र उलटल्याने झुकाव आकाशातला नाही एवढं सिद्ध झालं. तो डोळ्याच्या सवयीचा की पडद्यावरच्या बटणांच्या मांडणीचा, हे त्यातून ठरत नाही. दोन्ही सर्पिलांच्या बटणांची जागा निम्म्या लोकांसाठी बदलली असती तर तेही कळलं असतं. खगोलशास्त्रज्ञाला त्याची गरज नव्हती, त्याचं काम झालं होतं. प्रक्रिया सुधारणारा मात्र इथेच थांबत नाही, कारण डोळा बदलता येत नाही आणि बटण बदलता येतं.

दुसरा झुकाव अंतराचा. दूरची दीर्घिका लहान आणि पुसट दिसते, तिचे बाहू धुक्यात हरवतात आणि ती गुळगुळीत गोळा वाटते. साहजिकच दूरच्या सर्पिलांना लोक लंबवर्तुळाकार म्हणतात. यात लोकांचा दोष नाही. त्या जागी तज्ज्ञ बसवला तरी हेच होणार, कारण माहिती चित्रातच नाही. स्टीव्हन बॅमफर्ड आणि सहकाऱ्यांनी यावर अशी दुरुस्ती केली: सारख्याच तेजाच्या आणि सारख्याच आकारमानाच्या जवळच्या व दूरच्या दीर्घिका घ्यायच्या. या अंतराच्या टप्प्यात त्यांच्या रूपांचं खरं प्रमाण बदलायला नको, असं धरायचं. मग मतांत जो बदल दिसेल तो झुकाव समजून वजा करायचा. गेजचं कॅलिब्रेशन करताना आपण हेच करतो, फक्त आपल्याकडे अचूक माप ठाऊक असलेला मास्टर पीस असतो. त्यांच्याकडे नव्हता, तो त्यांनी जवळच्या दीर्घिकांतून घडवला. त्यातलं गृहीतक त्यांनी उघड मांडून ठेवलं आहे, म्हणजे ज्याला पटत नाही त्याला ते बदलून हिशेब पुन्हा करता येतो.

चांगल्या आणि वाईट तपासनीसांचं काय? चमूने बहुमताशी वारंवार जुळणाऱ्या लोकांच्या मताला जास्त वजन देऊन पाहिलं. निकालात फारसा फरक पडला नाही. हे वाचून मला गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांचा लाल मण्यांचा प्रयोग आठवला. पेटीत पांढऱ्या मण्यांत लाल मणी मिसळलेले असतात, कामगाराने पन्नास भोकांची फळी त्यात बुडवायची आणि लाल मणी कमी आणायचे. ज्याचे कमी येतात त्याला शाबासकी, ज्याचे जास्त त्याला तंबी. पेटीतलं प्रमाण तेच असल्याने शाबासकी आणि तंबी दोन्ही निरर्थक. डेमिंग हे प्रात्यक्षिक वर्षानुवर्षं व्यवस्थापकांना दाखवत राहिले. तरीही इन्स्पेक्टरांची क्रमवारी लावून भिंतीवर चिकटवणारे कारखाने आजही भेटतात. पद्धत नीट असेल तर माणसामाणसातला फरक तिच्यात विरघळून जातो. ‘गॅलेक्सी झू’ने हे लाखभर माणसांवर करून दाखवलं, तेही आमच्या धंद्याला काही शिकवायचा हेतू नसताना.

आतापर्यंत मी हे प्रकरण तपासणीच्या चष्म्यातून मांडलं. त्या चष्म्याला न दिसणारा भागही आहे. ऑगस्ट २००७ मध्ये हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळाशिक्षिकेने आयसी २४९७ या दीर्घिकेच्या खाली एक निळसर डाग पाहिला. सहापैकी कोणतंच बटण त्याला लागू नव्हतं, आणि विचारलेला प्रश्न तर वरच्या दीर्घिकेबद्दल होता. पडद्यावरच्या नियमाप्रमाणे बटण दाबून पुढे जायचं होतं. त्यांनी ‘हे काय आहे?’ असं विचारलं, आणि कुणालाच सांगता येईना. ‘हॅनीज व्होरवेर्प’, म्हणजे हॅनीची वस्तू, हे डच नाव तिला तिथूनच चिकटलं. पुढच्या अभ्यासातून ती वस्तू म्हणजे वायूचा प्रचंड मेघ निघाली. आयसी २४९७ मधला क्वेसार (दीर्घिकेचा अतिशय तेजस्वी गाभा) गेल्या दोन लाख वर्षांच्या आत मंदावला, पण त्याचा आधीचा प्रकाश मेघापर्यंत उशिरा पोचल्याने मेघ अजून उजळलेला आहे, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. हबल दुर्बिणीनेही नंतर त्याचं चित्र घेतलं.

हिरव्या ‘मटारदाण्यां’ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. लहान, गोल, हिरवे ठिपके स्वयंसेवकांना अधूनमधून दिसायचे. त्यांनी आपणहून ते गोळा करायला सुरुवात केली, कोणते खरे आणि कोणते नुसते चित्रातले दोष हे आपसात वाद घालून ठरवलं, आणि वर्णपटही पाहिले. तो संग्रह घेऊन कॅरोलिन कार्डामोन यांनी साठ्यात शोध घेतला, तेव्हा सुमारे २५० सापडले. अतिशय वेगाने तारे घडवणाऱ्या छोट्या दीर्घिकांचा हा वेगळाच प्रकार निघाला, आणि २००९ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. क्वालिटी सर्कलकडून (गुणवत्ता सुधारण्यासाठी जमणाऱ्या कामगारांच्या गटाकडून) आम्ही जे मागतो आणि क्वचितच मिळवतो ते हेच: कामाच्या जागी दिसलेली विसंगती, ती पाहणाऱ्यांनी स्वतः जमवलेली, स्वतः गाळलेली. इथे ते घडलं, कारण बोलायला जागा होती आणि पलीकडे ऐकणारा शास्त्रज्ञ होता. सूचनापेटी तर प्रत्येक कारखान्यात असते, पण ती उघडणारा माणूस बहुतेक ठिकाणी नसतो.

फेब्रुवारी २००९ मध्ये दुसरी आवृत्ती आली. तीन लाखांवर तेजस्वी दीर्घिका, ११ प्रश्न, ३७ संभाव्य उत्तरं, आणि एका उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरणार. या यादीत दोन गोष्टी लक्षात येतात. वळणाच्या दिशेचा प्रश्न आता नाही. आणि नवा प्रश्न आहे: काही विचित्र दिसतंय का? हा प्रश्न मी माझ्या ग्राहकांच्या तपासणीपत्रकांत घालायला सांगतो, तेव्हा ‘यावर कामगार काहीही लिहील’ असं उत्तर मिळतं. लिहू दे की!

स्वयंसेवक हे काम का करतात, याचीही पाहणी झाली. सर्वांत जास्त लोकांनी दिलेलं कारण होतं, खऱ्या संशोधनाला हातभार लावता येतो. गुण, बक्षीस, स्पर्धा यांचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, कारण बक्षिसासाठी केलेल्या तपासणीत वेग वाढतो आणि नजर उथळ होते. मात्र यातूनच माझी नाराजीही येते. हॅनी व्हॅन आर्केल यांचं नाव त्या वस्तूला मिळालं, मटारवाल्यांचे आभार शोधनिबंधात आले. लाखो क्लिक करणाऱ्या बाकीच्यांना मात्र आपल्या मताचं पुढे काय झालं हे कळण्याची सोय तुटपुंजीच होती. आपला निकाल बहुमताशी जुळला की नाही, आणि नसेल तर का, हे परत सांगितलं असतं तर माणूस शिकला असता. अर्थात तसं सांगितलं की मतं स्वतंत्र राहत नाहीत, माणूस इतरांसारखं उत्तर द्यायला लागतो. मला विचाराल तर चालू कामात सांगू नये, पण एखादा टप्पा संपल्यावर जरूर सांगावं.

आपल्याकडे याहून वेगळ्या वाटेने चाललेलं उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या ३० अँटेनांच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं वापरून २०१३ पासून ‘रॅड अ‍ॅट होम’ हा उपक्रम चालतो. तिथे भर गर्दीवर नाही, प्रशिक्षणावर आहे. आधी रेडिओ आणि दृश्य प्रकाशातली चित्रं एकावर एक ठेवून वाचायला शिकवतात, मग माणूस शोधाला लागतो. मतं कमी, पण प्रत्येक मत मुरलेलं. दोन्ही पद्धतींना आपापली किंमत मोजावी लागते: पहिलीत झुकाव शोधून काढायचा खर्च, दुसरीत माणूस घडवायचा.

संगणकाला न जमणारं ते काम आता त्याला जमू लागलं आहे. दुसऱ्या आवृत्तीची मतं वापरून कॅगल या संस्थळावर स्पर्धा झाली आणि २०१४ मध्ये सँडर डीलेमन यांच्या न्यूरल नेटवर्कने (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीने) ती जिंकली. त्यात दीर्घिकांची चित्रं फिरवून आणि आरशात उलटी करून यंत्राला दाखवली होती. पुढे माइक वॉल्मस्ली यांनी ‘झूबॉट’ घडवलं. ते नुसतं उत्तर देत नाही, शंभर माणसांनी कशी मतं दिली असती त्याचा अंदाज देतं, आणि स्वतःची खात्री किती तेही सांगतो. जिथे त्याची खात्री नाही ती चित्रं आधी माणसांकडे पाठवायची, बाकीची यंत्राने उरकायची, अशी कामाची वाटणी ‘गॅलेक्सी झू’त करून पाहिली गेली. हे शक्य झालं ते २००७ पासूनच मतभेद पुसले नव्हते म्हणून. साठ्यात नुसतं ‘सर्पिल’ किंवा ‘लंबवर्तुळाकार’ लिहून ठेवलं असतं, तर संभ्रम कशाला म्हणतात हे यंत्राला शिकवायला हातात काही उरलं नसतं.